इमादशाहीच्या डोंगरावर दोन दिवस

बहमनी राज्य फुटले आणि त्यातून पाच राज्ये झाली, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. मुले ही पाच नावे एका दमात म्हणून दाखवतात. पण वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या मुलांना विचारून बघा, "वऱ्हाडची इमादशाही म्हणजे नेमकी कुठली?" बहुतेक मुले एकमेकांकडे बघू लागतात. गोवळकोंडा टीव्हीवर पाहिलेला असतो, विजापूरचा गोलघुमट पुस्तकातल्या चित्रात असतो. इमादशाही मात्र नुसते नाव. आपण राहतो तेच हे वऱ्हाड, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

यात मुलांचा काही कसूर नाही. इमादशाहीचे गड, दरवाजे, मशिदी आणि तलाव आपल्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर उभे आहेत. पण त्यांना तिथे कोणी नेलेलेच नसते.

आपल्याकडे घराबाहेर पडायला काहीतरी काम लागते. शादी, मय्यत, दवाखाना, कोर्टाची तारीख, फार झाले तर एखादा उरूस. नुसते हिंडायला जाऊ म्हटले की घरातले मोठे विचारतात, "पैसे जास्त झाले का?" मग तरणी पोरे मोटारसायकलवर चिखलदऱ्याला चक्कर मारून येतात आणि अम्मी, दादी, सुना त्यांचे फोटो मोबाइलवर बघतात. वीस-वीस वर्षे संसार केलेल्या बायका आपल्या जिल्ह्यात मिळतात, ज्यांनी माहेर आणि सासर सोडून तिसरे गाव मुक्कामाने पाहिलेले नाही. कुरआनात मात्र जमिनीवर फिरा आणि बघा, असे एकदा नव्हे अनेकदा सांगितले आहे. सूरह अनकबूतमध्ये तर अल्लाहने निर्मितीला सुरुवात कशी केली, हे फिरून पाहायला सांगितले आहे. त्यात फक्त पुरुषांनी फिरावे असे कुठेही म्हटलेले नाही.

म्हणून या लेखात दोन दिवसांच्या एका सफरीबद्दल सांगायचे आहे. ती फार खर्चाची नाही, दादीपासून नातवापर्यंत सगळ्यांना जमेल अशी आहे, आणि परत आल्यावर इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ मुलांना आपली वाटू लागेल.

आपला मुलूख कसा आहे

वऱ्हाडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधोमध पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. त्याला जुने लोक पायनघाट म्हणत. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा उंच भाग, तो बालाघाट. आपला वाशीम या बालाघाटावर आहे. उत्तरेला भिंतीसारखी उभी आहे ती सातपुड्याची रांग. तिच्या या भागाला गाविलगडचे डोंगर म्हणतात. डोंगराच्या पायथ्याला अचलपूर, डोंगरावर चिखलदरा आणि गाविलगड, पश्चिमेला अकोटच्या वर नरनाळा.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यांची यादी दिली आहे. तिच्यात गाविल आहे, नरनाळा आहे, माहूर आहे आणि 'बासिम'ही आहे. हा बासिम म्हणजेच आपला वाशीम. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा नवा जिल्हा झाला असे आपण म्हटले. खरे तर चारशे वर्षांपूर्वीही तो कागदावर जिल्हाच होता.

फतहुल्लाह कोण होता

सफरीला निघण्याआधी मुलांना एका माणसाची गोष्ट सांगावी. तिच्याशिवाय गडावरचे दगड बोलत नाहीत.

बहमनी सुलतान आणि विजयनगरचे राय यांच्यात लढाया होत. अशाच एका लढाईत विजयनगरच्या मुलखातले एक लहान मूल कैदी म्हणून पकडले गेले. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की ते कन्नड ब्राह्मण घराण्यातले होते. वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी ते वाढले, मुसलमान झाले, त्याचे नाव फतहुल्लाह पडले. हा मुलगा कर्तबगार निघाला. त्याला 'इमाद-उल-मुल्क' हा किताब मिळाला. इमाद म्हणजे खांब, आधार. बहमनींचा मोठा वजीर महमूद गवान याने सुभ्यांची फेररचना केली, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले. गाविलचा भाग फतहुल्लाहकडे आला आणि माहूरचा भाग खुदावंदखान या हबशी सरदाराकडे गेला. १४८१ मध्ये महमूद गवानला नाहक ठार मारण्यात आले आणि बहमनी राज्याची घडी विस्कटली. १४९० मध्ये फतहुल्लाहने स्वतःचे राज्य सुरू केले. राजधानी अचलपूर, तेव्हाचे एलिचपूर. हीच वऱ्हाडची इमादशाही.

बघा, एक कानडी मूल, एका मुसलमान सुभेदाराच्या घरात वाढते, वऱ्हाडचा सुलतान होते आणि त्याच्या बरोबरीचा दुसरा सरदार आफ्रिकेतून आलेला असतो. आपला मुलूख असा घडला आहे. कोण कुठून आला, या वादात आपली मुले आज सापडतात. शाळेच्या मैदानातही त्यांच्या कानावर काहीबाही येते. त्याला रागाने उत्तर देण्यापेक्षा त्यांना हा दरवाजा, हा तलाव, ही गोष्ट माहीत असणे जास्त कामाचे आहे. ज्याला आपल्या गावाचा इतिहास नीट ठाऊक असतो, त्याला मान खाली घालावी लागत नाही आणि दुसऱ्यावर ओरडावेही लागत नाही.

पहिला दिवस: अचलपूर आणि घाट

शनिवारी फजर पढून निघावे. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. तिथून अकोट, अंजनगाव सुर्जी करत परतवाडा. कारंजा आणि मंगरूळपीरच्या लोकांना अमरावतीवरून परतवाडा गाठणे सोयीचे. परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावे आहेत. दुपारपर्यंत तिथे पोहोचले की जोहरची नमाज आणि जेवण दोन्ही होते. अचलपूर हे मशिदींचे, दर्ग्यांचे जुने शहर. हजरत शाह दूल्हा रहमान गाजी यांचा दर्गा साऱ्या वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. गावाबाहेर 'हौज कटोरा' आहे. मोठ्या हौदाच्या मधोमध बांधलेली ती अष्टकोनी मजल्यांची इमारत. आज हौद कोरडा आहे, पण पाणी भरलेले असताना मध्ये उभी असलेली ती इमारत कशी दिसत असेल, हे मुलांना डोळे मिटून कल्पना करायला सांगावे. तास-दोन तास अचलपूरला द्यावेत. पुष्कळ लोक परतवाड्यात फक्त गाडीत तेल भरतात आणि थेट वर जातात. त्यांना गड दिसतो, पण त्या गडाची राजधानी दिसत नाही.

परतवाड्यापासून चिखलदरा ३० किलोमीटरच्या आसपास, सगळा घाटाचा रस्ता. सागाचे जंगल सुरू होते, कानात दडे बसतात, हवा गार होते. वाटेत मोथा लागते. तिथे दूध-खव्याचा धंदा करणारी गवळ्यांची घरे आहेत. गाविलगड हे नाव या गवळ्यांवरूनच पडले असे सांगतात.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. विदर्भात थंड हवेचे ठिकाण म्हटले की हेच नाव येते. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या हैदराबादच्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत ही जागा भरली आणि पुढे इथे इंग्रजांचे बंगले उठले, कॉफीची लागवड झाली. कॉफीची झाडे आजही आहेत. महाभारतातल्या कीचकाला भीमाने मारून या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे चिखलदरा झाले, अशी आख्यायिका हिंदू बांधव सांगतात. त्या गोष्टीतले भीमकुंड इथेच आहे. पण इंग्रज यायच्या आणि आख्यायिका लिहिल्या जायच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात राहत आले आहेत ते कोरकू आदिवासी. चिखलदऱ्याच्या बाजारात डोक्यावर मोळी किंवा हातात जंगलातली फळे घेऊन आलेली बाई दिसली, तर ती या डोंगराची खरी घरधनीण आहे हे मुलांना सांगावे. तिच्याशी भावाची घासाघीस करू नये आणि न विचारता तिचा फोटो काढू नये.

असरनंतर पंचबोल पॉइंटला जावे. तिथून हाक मारली की दरीतून पुन्हा पुन्हा परत येते. नातू आणि दादी दोघांनाही हा खेळ आवडतो. संध्याकाळी देवी पॉइंट किंवा मोझरी पॉइंटवरून सूर्य बुडताना पाहावा. मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. कड्यांवर सगळीकडे कठडे नाहीत. मोबाइलवर फोटो काढण्यासाठी पाठ दरीकडे करून मागे सरकणाऱ्या पोरांना वेळीच हाताला धरून आणा. मगरिबनंतर थंडी वाढते. हिवाळ्यात स्वेटर, शाल आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पायमोजे लागतातच. महाराष्ट्र पर्यटन महामंडळाचे निवासस्थान इथे आहे, खासगी लॉजही पुष्कळ आहेत. सुट्टीच्या दिवसांत आधी फोन करून खोली ठरवलेली बरी.

दुसरा दिवस: गाविलगड

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गडावर निघावे. गावापासून गड अगदी जवळ आहे. चिखलदऱ्याचे पठार आणि गड यांना जोडणारी जमीन चिंचोळी आहे, बाकी बाजूंना खोल दऱ्या. म्हणून तर ही जागा गडासाठी निवडली गेली.

हा गड १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाह वली याने बांधला असे फरिश्ता लिहितो. हाच तो अहमदशाह, ज्याने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली आणि ज्याच्या मजारीवर आजही हिंदू-मुसलमान दोघे उरूस करतात. पुढे फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने गडाची दुरुस्ती करून तो मजबूत केला.

दरवाजापाशी आले की थांबावे. गडाच्या कमानीवर दोन डोक्यांचा पक्षी कोरलेला आहे. त्याने हत्ती पकडले आहेत. या पक्ष्याला गंडभेरुंड म्हणतात आणि हे चिन्ह कर्नाटकातले, विजयनगरच्या राजांनी वापरलेले. मुसलमान सुलतानांच्या गडावर ते कसे आले? आता फतहुल्लाहची गोष्ट आठवा. लहानपणी ज्या मुलखातून तो पकडून आणला गेला, तिथले चिन्ह त्याच्या गडाच्या दरवाजावर आहे. जाणकार या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. वर्गात पन्नास मिनिटे बोलून जे सांगता येत नाही, ते या दगडापुढे पाच मिनिटांत कळते.

आत गेल्यावर पायवाटा आहेत. उंचसखल जमीन, गवत, पडक्या भिंती, तलाव, तोफा. सगळ्यात पाहण्यासारखी आहे ती जामा मशीद. छत बरेचसे पडलेले आहे, पण कमानी उभ्या आहेत आणि बाजूची नक्षीदार जाळीची छत्री अजून नजर खिळवून ठेवते. दादी किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्या खाला असतील, तर त्यांनी दरवाजापर्यंतचा भाग पाहून सावलीत बसावे. बाकीच्यांनी मशिदीपर्यंत जाऊन यावे. आरामात चालले तर तीन तास पुरतात.

इथे एक नाजूक पण जरुरीची गोष्ट सांगते. हा गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे. जिथे नियमित इबादत सुरू नाही अशा स्मारकात नव्याने जमात उभी करायला कायद्याने परवानगी नसते. मशीद पाहून मन भरून येते, हे खरे. पण नमाज चिखलदऱ्यात उतरून किंवा मुक्कामाच्या ठिकाणी पढावी. एखाद्या उत्साही पोराने तिथे व्हिडिओ काढून मोबाइलवर फिरवला, तर त्याचा त्रास पुढे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला होतो. दुआ मनातल्या मनात करायला कोणाची परवानगी लागत नाही.

डिसेंबर १८०३

गडाच्या उत्तरेकडच्या भिंती पडक्या दिसतात. त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठे यांच्यात दुसरे युद्ध झाले. २९ नोव्हेंबरला आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि उरलेली फौज गाविलगडावर आली. मागोमाग आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन आले. स्टीव्हन्सनच्या सैन्याने जड तोफा डोंगरातून ओढत गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला भिंतीला भगदाड पडले आणि गड गेला. किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत लढता लढता मारला गेला. लगेच दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि रघुजी भोसल्यांना वऱ्हाडवरचा हक्क सोडावा लागला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले.

म्हणजे एकाच गडाशी बहमनी सुलतान, कानडी वंशाचा इमादशाह, मराठे, राजपूत किल्लेदार आणि इंग्रज, सगळ्यांची नावे जोडलेली आहेत. कोणा एकाचा हा गड म्हणावा, असे त्याच्या इतिहासात काहीच नाही.

दुसऱ्या खेपेला नरनाळा

एका खेपेत सगळे पाहायची घाई करू नये. नरनाळ्यासाठी वेगळा रविवार काढावा. अकोटपासून तो वीसेक किलोमीटरवर आहे, पायथ्याला शहानूर गाव. गड साडेनऊशे मीटरहून अधिक उंच आहे आणि त्याचे तीन भाग आहेत: जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड. इथला महाकाली दरवाजा हा साऱ्या वऱ्हाडातला सर्वांत देखणा दरवाजा म्हणावा लागेल. पांढरट दगड, दोन्ही बाजूंना सज्जे, कमळाची फुले आणि त्यांच्या शेजारी सुंदर अरबी लिपी. त्यावरच्या शिलालेखात १४८७ चा काळ आहे आणि फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कचे नाव आहे. मदरशात किंवा उर्दू शाळेत शिकणारी मुले बरोबर असतील, तर त्यांना ती अक्षरे ओळखायला लावा. दगडावरचा एखादा शब्द स्वतः वाचता आला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

इमादशाहीचा शेवटही या गडाशी जोडलेला आहे. तुफालखान या वजिराने बुऱ्हाण इमादशाह या कोवळ्या सुलतानाला इथेच कैद करून सत्ता बळकावली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहने नरनाळा घेतला, तुफालखान आणि बुऱ्हाण दोघेही त्याच्या हाती लागले आणि राज्य संपले. पुढे १५९६ मध्ये चाँदबीबीने अहमदनगर वाचवण्यासाठी मोगलांना वऱ्हाड दिला. गडावर नौगजी तोफ आहे, शक्कर तलाव आहे आणि हजरत बुऱ्हाणुद्दीन यांचा दर्गा आहे. ते पांढऱ्या वाघावर बसून फिरत, म्हणून त्यांना 'बाघ सवार वली' म्हणतात, असे तिथले लोक सांगतात.

वाघ तिथे आजही आहेत. नरनाळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. देशात १९७३-७४ मध्ये जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांत मेळघाट होता. म्हणून शहानूरच्या वनविभागाच्या फाटकावर नोंद करून, शुल्क भरूनच वर जाता येते आणि दिवस मावळायच्या आत उतरावे लागते. गडावर मुक्काम नाही.

आपल्या घरांतल्या बुजुर्गांना या डोंगराची एक आठवण आणखी असेल. मीटरगेजच्या दिवसांत काचीगुड्याहून निघणारी मीनाक्षी एक्सप्रेस वाशीम, अकोला, अकोट करत मेळघाटच्या जंगलातून खंडव्याला आणि पुढे अजमेर-जयपूरकडे जायची. अजमेर शरीफला निघालेल्या कितीतरी कुटुंबांनी हे डोंगर खिडकीतूनच पाहिले. नाना-नानी त्या गाडीने गेले असतील, तर धूळघाटच्या वळणाबद्दल त्यांना जरूर विचारा.

मानोरा आणि त्या बाजूच्या लोकांना माहूर जवळ पडेल. पुसदवरून जाता येते. पैनगंगेच्या वळशात डोंगरावर वसलेले ते लहान गाव. रेणुकादेवीचे मंदिर, शेख फरीद बाबांचा दर्गा, पांडवलेणी आणि जुना किल्ला, सगळे एका दिवसात होते.

नमाज, पाणी आणि बायकांची सोय

आता कामाच्या गोष्टी. हनफी मसलकाप्रमाणे गावाबाहेर सुमारे ७८ किलोमीटरच्या वरचा प्रवास असेल आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल, तर माणूस मुसाफिर ठरतो. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी दोन पढायच्या. फजर आणि मगरिब तशाच. स्थानिक इमामामागे जमातीत उभे राहिले तर मात्र पूर्ण. शंका असेल तर निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मुलांना कसर नमाज शिकवायची ही चांगली संधी आहे. पुस्तकात वाचलेला मसला प्रवासात एकदा केला की जन्मभर लक्षात राहतो. वजूसाठी पाण्याची एक वेगळी कॅन गाडीत ठेवावी, गडावर पाण्याचा भरवसा नाही.

बायकांची खरी अडचण वेगळीच असते आणि ती कोणी बोलत नाही. बाहेर शौचालयाची सोय नसेल या भीतीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोके धरून बसतात. म्हणून पुरुषांनी वाट ठरवताना थांबे आधी ठरवावेत: अकोला, परतवाडा, मुक्कामाची जागा. गडावर जाण्याआधी लॉजवरून सगळे आटपून निघावे. बुरखा घालणाऱ्या बहिणींनी चढणीसाठी घोट्याच्या जरा वर येणारा, घेर कमी असलेला बुरखा आणि खाली सलवार घालावी. तुटक्या पायऱ्यांवर लांब घेर पायात येतो. चपलेपेक्षा कॅनव्हासचे बूट बरे. दोन-तीन घरांनी मिळून गाडी केली की सोबत होते, खर्च वाटला जातो आणि लहान मुले सांभाळायला हातही वाढतात.

खर्चाबद्दल. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ च्या वरच्यांना मोफत. अमरावती किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याला एसटी जाते. म्हणजे सगळ्यात कमी पैशात जाऊ शकतात त्या घरातल्या बायका आणि म्हातारी माणसे, आणि सगळ्यात कमी जातात तेही तेच. जेवण घरून न्यावे. कीमा-पराठे, दशम्या, ठेचा, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे दोन वेळा सहज चालतात. स्वयंपाक मात्र एकट्या अम्मीच्या माथी मारू नका. तिची सहल चुलीपुढेच सुरू होऊन चुलीपुढेच संपते. पराठे सगळ्यांनी लाटावेत, डबे मुलांनी धुवावेत.

चिखलदऱ्याला माकडे फार आहेत. त्यांना खायला देऊ नये, हातात पिशवी उघडी ठेवू नये. पावसाळ्यात धुके आणि धबधबे सुंदर असतात, पण गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि घाटात समोरचे दिसत नाही. कुटुंबासह जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. अंधार पडल्यावर घाटात गाडी घालू नये. जंगलात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कुठे जातो आणि कधी परतणार ते घरी सांगून ठेवावे.

दगडांची अमानत

शेवटी एक विनंती. या गडांच्या कमानींवर पोरांनी खिळ्यांनी नावे कोरली आहेत, हृदये काढली आहेत. त्यांत सगळ्या धर्मांची नावे आहेत आणि आपल्या पोरांचीही आहेत. संरक्षित स्मारकाचे नुकसान केले तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवू. ज्या दगडावर कोणा कारागिराने महिनोन्महिने बसून कमळ कोरले, अल्लाहचे नाव कोरले, त्याच्यावर आपल्या पोराने आपले नाव खरवडावे, यापेक्षा शरमेची गोष्ट नाही. ती आपल्याकडे आलेली अमानत आहे. एक पिशवी रिकामी न्यावी आणि परतताना आपला आणि जमले तर दुसऱ्याचाही प्लास्टिकचा कचरा तीत भरून खाली आणावा. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. ते करून दाखवायला गडाची वाट चांगली आहे.

परत आल्यावर मुलांना एक पान लिहायला सांगा, उर्दूत किंवा मराठीत, जी भाषा त्यांना जवळची असेल तीत. काय पाहिले, कोणाची गोष्ट ऐकली, दादी कुठे बसली होती आणि काय म्हणाली. दादीला लिहिता येत नसेल तर तिचे बोलणे नातीने उतरवून घ्यावे. पुढच्या महिन्यात कुठे जायचे, हे यावेळी मात्र घरातल्या बायकांना विचारा. त्या आधी "कुठेही चालेल" असे म्हणतील. पुन्हा एकदा विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.